‘खास तुमच्या मशीनचा पार्ट’ म्हणून गळ्यात मारलेलं बेअरिंग

रंदा मशीन सुरू करून दहा मिनिटं झाली असतील-नसतील, तोच जळक्या ग्रीसचा वास आला. मशीन बंद करून हात लावला तर कटर ब्लॉकच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दंडाच्या, उजवीकडचं हाऊसिंग (बेअरिंगचं घर) चटका बसेल इतकं तापलेलं. आतलं बेअरिंग आदल्याच दिवशी बसवलं होतं. नवं. म्हणजे मला नवं म्हणून विकलेलं.

माझं मशीन जुनं, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कटर ब्लॉक घरघर करायला लागला तसा मी सुट्या भागांच्या मागे लागलो. चौकशी करता करता ‘लाकूडकामाच्या जुन्या मशीनचा कुठलाही पार्ट मिळेल’ म्हणणारा एक विक्रेता फोनवर भेटला. माणूस गोड बोलणारा. मशीनचं नाव काढताच त्याची सगळी कुंडली पाठ असल्यासारखा सुरू झाला. मी नेमप्लेटचा आणि जुन्या बेअरिंगचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “हे खास या मशीनसाठीच बनायचं, बाजारातलं चालणार नाही. शेवटची जोडी उरलीय, आणखी एक गिऱ्हाईक मागे लागलंय.” सोबत एक लांबलचक पार्ट नंबर. मी आगाऊ पैसे भरले. वर पाती आवळायचे बोल्ट आणि लाकूड पुढे ढकलणारे रोलरही मागवले.

लाज वाटते ती याची, की त्या फोटोतच राळ आणि भुशाच्या थराखाली ६२०५ हा आकडा अर्धवट दिसत होता. तो मी हात पोळल्यावर, चिंधीने पुसून वाचला. ६२०५ म्हणजे अगदी सर्रास मिळणारं बेअरिंग. शेवटच्या ०५ ला पाचने गुणलं की भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. कुठल्याही कंपनीचं घ्या, मापं हीच, कारण ती आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत. आकड्यापुढची अक्षरं तेवढी जुळवावी लागतात: टूआरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं, सी-३ असेल तर आतला खेळ, म्हणजे गोळ्यांभोवतीची मोकळी जागा, नेहमीपेक्षा थोडी जास्त. मशीनवाल्या कंपनीनेही ते बाजारातूनच आणून बसवलं होतं. खास होता तो फक्त भाव, चौपट.

तेवढंच असतं तर ‘शिकवणीची फी’ म्हणून सोडूनही दिलं असतं. पण मालच खोटा होता. डबी नामांकित कंपनीची, वर सील वगैरे. बेअरिंग बाहेर काढून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला, तर बाहेरचा व्यास ५१.९२. नव्या ६२०५ ला या मापात सूट असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जराशी जास्त. इथे तसे आठ भाग गायब! कुणीतरी वापरलेलं, गंजलेलं बेअरिंग घासून चकचकीत केलं होतं. बसवताना ते अंगठ्याच्या दाबाने आत सरकलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो, काय सुरेख बसलं म्हणून! ते हाऊसिंगमध्येच गरगरत होतं. सील उचकटलं तर ग्रीसचं नुसतं बोट फिरवलेलं, आणि गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे खड्डे. वरच्या आकड्याखाली जुन्या आकड्याची पुसट सावलीसुद्धा दिसली, भिंगातून.

बोल्टची गोष्ट जास्त वाईट. चांगल्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १२.९ असा ताकदीचा आकडा उठवलेला असतो. यांची डोकी कोरी. एक साध्या पान्याने आवळतानाच तुटून हातात आला. कटर ब्लॉक मिनिटाला ५००० च्या आसपास फेरे घेतो. तो बोल्ट आवळताना तुटला नसता तर नंतर कधी आणि कुठे तुटला असता, हा विचार मी फार लांबवत नाही.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, “तुम्ही ठोकून बसवलं असणार.” मग फोटो मागितले. फोटो गेल्यावर फोन उचलणंच बंद.

आता मी आकडा वाचल्याशिवाय आणि माप घेतल्याशिवाय मशीनचं नाव कुणाला सांगतच नाही. आट्यांचंही तसंच: अर्ध्या इंचाच्या जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या बोल्टला इंचात १२ आटे, अमेरिकी यूएनसी पद्धतीच्या बोल्टला १३. एकाचा नट दुसऱ्यावर लावला तर दोन फेरे बिनबोभाट चढतो आणि मग अडकतो. डबीवर शंका आली तर एसकेएफसारख्या मोठ्या बेअरिंग उत्पादकांकडे फोटो पाठवून खरं-खोटं तपासून घेता येतं. मी ते पैसे गेल्यावर केलं.

त्याच माणसाकडून घेतलेले रोलर अजून मशीनमध्येच आहेत. चालतायत ठीक. तरी पुढच्या रविवारी काढून व्हर्नियर लावणार आहे.