नेरूळमधलं आमचं फायबर कनेक्शन: स्टार साडेतीन, त्यातले दोन लाइनमनचे

कंपनीचं नाव लिहीत नाही. पाटी एकच असली तरी नेरूळमध्ये सेक्टर बदलला की फ्रँचायझी बदलते, माणसं बदलतात. माझं वाचून तुम्ही पलीकडच्या सेक्टरमध्ये तीच लाइन घ्याल आणि मग मला शिव्या घालाल. त्यापेक्षा काय बिघडलं, ते कसं सापडलं आणि कोणी दुरुस्त केलं, तेवढं सांगते.

मी घरी गाणं शिकवते. करोनापासून निम्मे विद्यार्थी ऑनलाइन आहेत. दोघी न्यू जर्सीत, एक दुबईत, आणि एक पनवेलला, जिला सहा स्टेशनं यायचं जिवावर येतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, महिना ६९९ अधिक १८ टक्के जीएसटी. एकदम सहा महिन्यांचे भरले तर ४,९४९ होतात. बिल्डिंग सिडकोची जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. आम्ही सर्वांत वर.

जूनपासून क्लासचा विचका व्हायला लागला. मी आलाप घेतला की पलीकडे अर्धा पोचायचा, पंचम पत्र्यावर वाजवल्यासारखा यायचा आणि तंबोरा तर गायबच. तंबोऱ्याचं कोडं आधी सुटलं. झूम त्याला पंख्याच्या घरघरीसारखा आवाज समजून गाळून टाकतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केला की तंबोरा राहतो. गाण्याच्या शिक्षकांनो, हे आजच करा, त्याला पैसे पडत नाहीत. पण आवाज तुटणं थांबलं नाही. मधेच नेटच्या डब्यावरचा (म्हणजे राउटरवरचा) लाल दिवा लुकलुकायचा, दोन मिनिटं सगळं ठप्प, मग परत हिरवा. आणि गंमत अशी की स्पीड टेस्ट लावली की ९४, ९५. १०० च्या लाइनवर एवढे दिसले म्हणजे पूर्णच म्हणायचे. म्हणजे मोजायला गेलं की नेट शहाणं आणि गायला बसलं की वेडं.

कस्टमर केअरला फोन केला. तिकडून एकच पालुपद, “मॅडम, दोनसौ वाला प्लान ले लो.” तीनदा फोन, तीनदा तेच. व्हिडिओ कॉलला जाताना-येताना तीन-चार एमबीपीएस पुरतात, हे मला मुलानं आधीच सांगितलं होतं, म्हणून बधले नाही. त्यातली एक तक्रार तर कोणी न येताच ‘निवारण झालं’ असा मेसेज येऊन बंद झाली. याचा अर्धा स्टार तिथेच कापला.

चौथ्या खेपेला फोनवर आवाज चढवला, तेव्हा लाइनमन आला. बावीस-तेवीसचा मुलगा, चार मजले चढून धापा टाकत. पाणी प्यायला आणि डब्याकडे न बघता थेट खिडकीकडे गेला.

“काकू, ही वायर ग्रिलला कुणी बांधली?”

“मे महिन्यात रंगारी होता.”

“मग तुमचं नेट त्यानंच मारलंय.”

रंगाऱ्यानं रंग लावताना ती काळी बारीक वायर बाजूला घेऊन ग्रिलच्या गजाला बाइंडिंगच्या तारेनं करकचून आवळली होती. तिच्या आत केसाएवढी काच असते. तीव्र वळणावर त्या काचेतला प्रकाश बाहेर गळतो. लाइनमननं वायर डब्यातून काढून प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली. मायनस २८. “हे वीस-बावीस पाहिजे, काकू. अठ्ठावीस म्हणजे डबा जेमतेम बघतोय.” शून्याच्या जेवढं जवळ तेवढं बरं, आणि तीन आकडे खाली गेलं की प्रकाश निम्मा होतो, असा त्याचा हिशेब. गाठ सोडली, चिमटलेला तुकडा कापून नवीन जोड मारला. “आमटीच्या वाटीपेक्षा बारीक वळण देऊ नका,” हे मला बजावलं. मायनस २४.

तरी त्याचं समाधान झालं नाही. मग त्याला डब्याच्या मागे दिसलं की कनेक्शन देताना आधीच्या कोणीतरी हिरव्या टोपणाच्या जागेत निळ्या टोपणाची कॉर्ड दाबून बसवली होती. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांना नीट चिकटत नाहीत, मधे फट राहते. खोबणीत मात्र बसतात, म्हणून कोणाला कळत नाही. नवी कॉर्ड लावली आणि मीटर मायनस २१ वर आला. सातचा फरक, म्हणजे प्रकाश पाचपट. लाल दिवा त्यानंतर आजतागायत लागलेला नाही. त्यानं पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. दोन स्टार त्याचे. ते कंपनीनं स्वतःच्या खात्यात जमा करू नयेत.

बाकीचं घरचंच निघालं, त्यात कंपनीचा दोष नाही. डबा लोखंडी कपाटाच्या मागे होता, दिसायला नको म्हणून. मी शिकवते आतल्या खोलीत, मधे दोन भिंती, ते कपाट आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. जुनं वायफाय आणि मायक्रोवेव्ह दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यामुळे सात वाजता कोणी भाजी गरम केली की माझा षड्ज हलायचा. पाच गिगाहर्ट्झवर गेले तर मायक्रोवेव्हचा जाच नाही, पण दोन भिंती ओलांडता ओलांडता ते दमतं. शेवटी १५ मीटरची तयार कॅट-सिक्स, म्हणजे नेटची, वायर ४५० रुपयांना आणली, दाराच्या चौकटीच्या कडेनं फिरवली आणि लॅपटॉपला लावली. वायफाय आता बाकीच्यांना. घरात वायर दिसते म्हणून यजमानांची कुरकुर चालू आहे.

त्यांच्यावरून आठवलं. एका शनिवारी न्यू जर्सीच्या क्लासमध्ये परत आवाज फुटायला लागला. दिवा हिरवा, वायर नीट. माझ्या मुलानं पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, लावून बघितलं. एरवी ५ मिलिसेकंद, तेव्हा ३०० च्या वर. यजमानांच्या मोबाइलमधून अलिबागचे सातशे फोटो वर चढत होते! अपलोडची वाट त्या फोटोंनी भरली की माझा आवाज त्यांच्या मागे रांगेत. फोटोंचं बॅकअप आता रात्री एकनंतर होतं आणि राउटरमध्ये त्यांच्या फोनला अपलोडची मर्यादा घातली आहे. हे त्यांना अजून माहीत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्लॅननं सुटणार नाही. पालक अजून विचारतात की एकत्र गाता येईल का. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. न्यू जर्सी इथून साडेबारा हजार किलोमीटरवर आहे. वायर अगदी सरळ असती तरी जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग, आणि समुद्राखालून वळणं घेत त्याहून जास्तच. मध्यलयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर ती पाव मात्रेची तरी चूक झाली. माझी सम तिच्याकडे उशिरा पोचते आणि तिची मला आणखी उशिरा ऐकू येते. म्हणून मी गाते, ती ऐकते, मग ती गाते. लाख रुपयांचं कनेक्शन घेतलंत तरी हेच.

लाइट गेल्यावर काय, असं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. १,४०० रुपयांचा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस डब्याला लावलाय, तीन तास निघतात. पूर्वी जिन्यातल्या पेटीतून जाड इथरनेटची वायर यायची, तेव्हा पेटीची लाइट गेली की अख्ख्या विंगचं नेट जायचं आणि वीज कडाडली की पेटीतला नेटचा स्विच जळायचा. आता जिन्यात काचेतला प्रकाश घराघरांत वाटणारा नुसता स्प्लिटर आहे. त्याला वीज लागतच नाही.

तक्रार एक उरते. गणपतीत मूर्ती नेताना आमच्या रस्त्यावरची वायर तुटली. कार्यकर्ते बांबूनं वायरी उचलत होते, त्यातली एक सुटली. नेट दोन दिवस बंद. तेव्हा नेमकी स्टेडियमवर गर्दी होती, त्यामुळे मोबाइलचं नेटही रांगत होतं. दोन दिवसांचे पैसे बिलातून वजा झाले, पण दोन ईमेल आणि एक फोन केल्यावर. झाडावरून आणि खांबावरून वायर लोंबती ठेवायची आणि मग तुटली म्हणून हळहळायचं, हे दर वर्षीचं आहे. उरलेला एक स्टार त्यावर गेला.

सप्टेंबरात परत सहा महिन्यांचे भरले. प्लॅन १०० चाच. न्यू जर्सीची धाकटी दर शनिवारी सांगायची, “ताई, कोमल गंधार चढा लागला तो नेटमुळे.” गेल्या शनिवारी आवाज स्वच्छ होता, पिंग स्थिर होती, आणि गंधार तसाच चढा. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, “पुन्हा घेते.”