ऑफिसची फुकट काउन्सेलिंग सर्विस: अ‍ॅप बेकार, माणसं कामाची

नाव लिहीत नाहीये, कारण ही सर्विस आपण घेत नाही, कंपनी घेते, आणि तुमच्या ऑफिसात बहुतेक वेगळ्याच नावाची असेल. पण एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम नावाखाली जे काही मिळतं ते साधारण सगळीकडे सारखंच चालतं, म्हणजे कंपनी पैसे भरते, आपल्याला मोजकी सेशन्स फुकट मिळतात आणि व्हिडिओवर नाहीतर फोनवर काउन्सेलर बोलतात. जॉइन झाल्यावर जे ढीगभर मेल येतात ना, लॅपटॉप पॉलिसी, इन्शुरन्स, फायर ड्रिल वगैरे, त्यातच ह्याचाही एक मेल असतो आणि तो कोणी उघडत नाही. मी उघडला कारण रात्री झोप येत नव्हती आणि इनबॉक्स साफ करण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिली नोकरी, नवीन शहर, ओळखीचं एकही माणूस नाही. दिवस कसाबसा निघून जायचा पण संध्याकाळी रूमचं कुलूप उघडलं की पोटात खड्डा. रविवार दुपारपासूनच सोमवारच्या मीटिंगची धडधड सुरू. आई फोनवर विचारायची "बरी आहेस ना गं?" आणि मी म्हणायचे हो मस्त चाललंय, आणि फोन ठेवून रडायचे. हे ज्यांचं चाललंय त्यांना जास्त सांगायला नको, म्हणून सरळ रिव्ह्यूवर येते.

अ‍ॅपपासून सुरुवात, कारण वैताग तिथूनच सुरू होतो. लॉगिन केल्या केल्या सात प्रश्नांचा फॉर्म येतो, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही, वगैरे. ही जीएडी-७ नावाची, एन्झायटी किती आहे ते बघायची खरीखुरी प्रश्नावली आहे, २००६ मध्ये आलेली, डॉक्टर लोकही वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ मार्क, एकूण २१. पण अ‍ॅप काय करतं तर तुमचा आकडा लाल गोलात दाखवतं, खाली एक रडका चेहरा, आणि बस्स. एन्झायटी असलेल्या माणसाला रात्री एक वाजता एकटीला लाल गोल दाखवायचा आणि पुढे काही सांगायचंच नाही, ही आयडिया ज्याची असेल त्याला माझा नमस्कार. नंतर काउन्सेलरनी नीट समजावलं की ५, १० आणि १५ हे टप्पे आहेत, १० किंवा वर असेल तर कोणीतरी नीट बसून तपासायला हवं इतकाच त्याचा अर्थ, हे निदान नाही. दोन ओळींचं काम होतं, अ‍ॅपमध्ये लिहायला काय जात होतं?

बाकी अ‍ॅपमधला मूड ट्रॅकर टाइमपास आहे. रोज टिक केलं नाही तर 'तुमची स्ट्रीक तुटली' असा मेसेज येतो, म्हणजे आधीच ऑफिसचं टेन्शन त्यात आता बरं वाटण्याचंपण टार्गेट. चॅटबॉटला मी लिहिलं की घरची खूप आठवण येतेय, तर तो म्हणाला हायड्रेटेड राहा. रिलॅक्सेशनच्या ऑडिओ क्लिप्स मात्र वाईट नाहीत, विशेषतः एकेक स्नायू आवळून सोडायची. ही पद्धत एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बसवलेली आहे. क्लिपमधल्या बाईंचा आवाज जरा जास्तच गोड आहे पण खांदे खरंच सैल पडतात.

आता माणसं. पहिल्यांदा अ‍ॅपने आपोआप जे काउन्सेलर जोडून दिले त्यांच्याशी माझं अजिबात जमलं नाही. मी बोलत असताना ते टाइप करत होते, आणि शेवटी पॉझिटिव्ह राहा, मेडिटेशन करा, नवीन मित्र बनवा. अहो सर, मित्र बनवता आले असते तर तुमच्याकडे कशाला आले असते! मी तिथेच सोडून देणार होते पण काउन्सेलर बदलता येतो असं कळलं, कारण विचारत नाहीत, आणि भाषेचा फिल्टर पण आहे, फक्त दिसत नाही पटकन. आपल्या भाषेत बोलणारा माणूस शोधाच. दिवसभर ऑफिसात इंग्रजीत शहाण्यासारखं बोलून झाल्यावर रडायलाही इंग्रजीतच लागणं म्हणजे ओव्हरटाइम आहे.

दुसऱ्या ज्या मॅडम मिळाल्या त्यांच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. त्यांनी पहिली गोष्ट केली म्हणजे माझ्या 'सगळंच वाईट आहे' ह्या गठ्ठ्याचे दोन भाग केले. घरची आठवण वेगळी आणि एन्झायटी वेगळी. दोन्ही एकमेकींना खतपाणी घालतात पण उपाय एक नाही. काही दिवस फक्त नोंद करायला लावली, नेमकं कधी भरून येतं. मला वाटायचं दिवसभर, पण लिहिल्यावर दिसलं की ऑफिसात कामात असताना जवळजवळ नसतंच, येतं ते रिकाम्या वेळी. रूमवर परतल्यावरचा पहिला तास आणि रविवारची दुपार. मग त्यांनी सगळं आयुष्य सुधारायच्या गप्पा न मारता ह्या दोनच जागा धरल्या. ऑफिसातून थेट रूमवर जायचं नाही, मध्ये काहीतरी एक ठरलेलं, चालणं, लायब्ररी, कुठलाही क्लास, आणि आठवड्यातले तेच वार, तीच वेळ.

तीच वेळ का, हे मला फार पटलं. कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या जेफ्री हॉल ह्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नुकतेच दुसऱ्या गावी राहायला गेलेले लोक होते, म्हणजे अगदी आपल्यासारखे. त्यात असं निघालं की नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, नीट मित्र म्हणायला ९०, आणि जवळचा मित्र म्हणायला २०० च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे धरायचे नाहीत. म्हणजे नवीन शहरात येऊन थोडेच दिवस झालेत आणि 'माझं कोणीच नाही' असं वाटतंय तर त्यात तुमचा स्वभाव वाईट वगैरे काही नाही, तास भरलेले नाहीत एवढंच. ठरलेल्या वारी तिथे गेलं की तीच तीच तोंडं दिसतात, तास आपोआप जमा होतात आणि दर वेळी नव्याने हिंमत गोळा करावी लागत नाही. मला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं राव.

घरच्या फोनचं पण. मला भीती होती की फोन बंद करा म्हणतील, तसं काही नाही. फक्त वेळ बांधली. मी काय करायचे, जीव कासावीस झाला की लगेच फोन, मग आई घाबरणार, तिचा आवाज ऐकून मी अजून घाबरणार. त्या क्षणी बरं वाटतं पण डोक्याला सवय लागते की घाबरलं की फोन हाच एक रस्ता. आता रात्रीचा ठरलेला कॉल असतो, आणि दिवसभरात एक तरी गोष्ट जमवून ठेवायची जी सांगण्यासारखी आहे, चांगलीच हवी असं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या मॅनेजरची गोष्ट पण चालते. आईला पण आता 'बरी आहेस ना' सोडून दुसरं विचारायला मिळतं.

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी नंतर शोधून वाचली. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाने घरच्या आठवणीने माणूस खरंच आजारी पडतो ह्यावर प्रबंध लिहिला होता. त्यातला एक पोरगा स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून तिथल्याच बाझेलला शिकायला आलेला, शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही, पण वाचणार नाही म्हणेपर्यंत मजल गेलेली. आणि घरी न्यायला निघाले तर रस्त्यातच बरा व्हायला लागला! मला जाम हसू आलं आणि बरं पण वाटलं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी पण हे होतंच, व्हिडिओ कॉल नसताना.

एन्झायटीसाठी दोन गोष्टी दिल्या. एक श्वासाची, चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर, बाहेरचा लांब ठेवायचा कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असताना पण करता येतो, कोणाला कळत नाही. दुसरी म्हणजे काळजीला अपॉइंटमेंट. १९८३ मध्ये थॉमस बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं होतं, रोज ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजी करायची आणि दिवसभरात जी येईल तिला सांगायचं की तेव्हा ये. मला आधी येडपटपणा वाटला. पण मी संध्याकाळी वही घेऊन खुर्चीत बसते (पलंगावर नाही, मॅडमची सक्त ताकीद आहे, पलंग फक्त झोपायला) आणि दिवसभर लिहून ठेवलेल्या काळज्या वाचते तेव्हा त्यातल्या बऱ्याच शिळ्या झालेल्या असतात. 'टीम लीडने मेसेजला नुसता अंगठा दिला' ही दुपारी बाराची काळजी संध्याकाळी सातला वाचून बघा. सगळ्या जात नाहीत. प्रोबेशनची काळजी जात नाही, ती वहीत रोज असतेच.

तक्रारी आहेतच. सेशन पन्नास मिनिटांचं म्हणतात पण नेटवर्क आणि 'आवाज येतोय का' मध्ये दहा जातात. चांगले स्लॉट्स सगळे ऑफिसच्या वेळात. रूमवर रूममेट आणि पातळ भिंत, ऑफिसात काचेच्या मीटिंग रूम्स, म्हणजे रडायचं कुठे हा खरा प्रश्न आहे, मी बरीच सेशन्स बागेतल्या बाकावर हेडफोन लावून केलीत. आणि फुकट सेशन्स नेमकी रंगात आली की संपतात, पुढे स्वतःच्या खिशातून. त्यामुळे पहिल्याच वेळी विचारा किती आहेत, आणि सुरुवातीनंतर अंतर ठेवून घ्या, सगळी एकदम उडवू नका.

एचआरला कळतं का, हे सगळ्यांना विचारायचं असतं आणि कोणी विचारत नाही. आमच्याकडच्या संमतीपत्रात लिहिलंय की कंपनीला फक्त एकूण किती जणांनी वापरलं तेवढा आकडा जातो, नावं नाहीत, आणि जिवाला धोका असेल तेव्हाच गुप्तता मोडतात. तुमचं तुम्ही वाचा, 'आय अ‍ॅग्री' दाबायच्या आधी. मी लॉगिन पण ऑफिसच्या लॅपटॉपवरून करत नाही, माझ्या फोनवरून करते.

आणि हे औषधाची जागा घेत नाही. काउन्सेलर गोळ्या लिहून देत नाहीत. आठवडे झाले झोप नाही, कामावर जाणंच जमत नाहीये, किंवा जगूच नये असं वाटतंय तर ह्या अ‍ॅपवर पुढच्या मंगळवारचा स्लॉट शोधत बसू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे नाहीतर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि कोणालातरी सोबत घ्या. अ‍ॅपवर स्वतःच बारीक अक्षरात लिहिलंय की ही इमर्जन्सी सर्विस नाही. तेवढं एक तरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

अ‍ॅपला ५ पैकी दीड, त्यातला एक जेकबसनच्या क्लिपचा. मॅडमना पाच. काउन्सेलर बदलायचं बटण होमवर शोधू नका, प्रोफाइलमध्ये जाऊन हेल्प, मग माय केअर टीम, तिथे अगदी खाली आहे, आणि वीकेंडचे स्लॉट्स शुक्रवारी रात्री उघडतात, अर्ध्या तासात संपतात.