व्हेंटिलेटर की पेसर?

रामबागेतल्या काकूंचा प्रश्न: मानेला मार बसलेल्या मुलाला व्हेंटिलेटरच ठेवू, की पेसर बसवू?

काकू, पेसर म्हणजे नसेला विजेचे हलके झटके देऊन श्वासपटल, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, हलवणारं यंत्र. म्हणून आधी नस तपासून घ्या. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस मानेतल्या ३ ते ५ क्रमांकाच्या मज्जामुळांतून निघते. इजा त्याच्या वर आणि नस शाबूत, तरच पेसर. नसच मेली असेल तर विषय संपला.

खर्च? पेसरचा एकदम मोठा, शस्त्रक्रियेसकट. व्हेंटिलेटर नळ्या-फिल्टरांतून हळूहळू खातो, पण पहिल्या रात्रीपासून चालतो. पेसरवर सुस्तावलेला स्नायू तयार व्हायला आठवडे, कधी महिने जातात. पुढे मात्र हवा ढकलली न जाता ओढली जाते आणि व्हीलचेअरवरून सराफ्यात जाताना मागे मशीनचं लटांबर नसतं. राखीव व्हेंटिलेटर तरीही घरात हवाच.

एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) असेल तर पेसर नको. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत तो लावलेले रुग्ण कमी जगले. तिथे मास्कचं मशीनच बरं. तुमच्या मुलाची नस जिवंत निघाली, तर मी पेसरकडे झुकेन.