पुण्याचं पेशवे दफ्तर: नंबर आणा, कागद वाचा

आमच्या गावच्या जुन्या जमाखर्चाचे कागद शोधायला पुणे पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात) गेले. पेशवाईतले कागद, म्हणजे पेशवे दफ्तर, इथेच आहे. इथे कागदाचा पत्ता म्हणजे दफ्तर (विभाग), रुमाल, आणि त्यातलं पुडकं. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, खिशातला नव्हे! दफ्तरांना घडणी (खातेवार हिशेब), रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), प्रांत अजमास (प्रांताचा अंदाजी हिशेब) अशी पेशवाईतलीच नावं. त्यामुळे आपला कागद कुठल्या दफ्तरात असेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. नंबर चिठ्ठीवर लिहून दिला की गठ्ठा टेबलावर. वहीत रुमालासोबत पुडक्याचाही नंबर टिपाच, नाहीतर पुन्हा सगळं उपसायचं.

दुसऱ्या एका संग्रहात गठ्ठ्यांवर नंबरच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवलेल्या. माझ्या गठ्ठ्याची गळून पडलेली, शोधण्यात दोन दिवस वाया. मोडी (जुन्या मराठी कागदांची लिपी) येत नसेल तर मात्र पेशवे दफ्तरात नंबर मिळूनही हात चोळत बसाल.