नऊ महिने, चार कुर्ते आणि न दिसणारी बॉबिन: घरगुती शिलाई मशीनचा अनुभव

मशीन महिनाभर बंद होतं, चार दिवसांपूर्वी पुन्हा सुरू झालं. रिव्ह्यू लिहायचा तर खरं मागच्या महिन्यातच, पण तेव्हा मी इतकी चिडलेली होते की एक तारा देऊन मोकळी झाले असते. आता चार दिवस नीट शिवून बघितलंय.

मशीन कुठलं ते लिहीत नाही. साधं झिगझॅगवालं इलेक्ट्रिक, पायाच्या पेडलवर चालणारं, समोरून बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) घालायचं. किती टाके, किती पाय सोबत येतात ही यादी सगळीकडे मिळते. ज्या बाईच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ आहे आणि जिला स्वतःसाठी काहीतरी शिवायचंय, तिला हे मशीन कसं पडेल, तेवढंच सांगते.

स्वतःसाठी हे मुद्दाम म्हणतेय. बाळाची झबली, टोपडी, दुपटी शिवायला घरात सगळ्यांचे हात होते. आईनं सातव्या महिन्यापासूनच सुरुवात केली होती, सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांच्या तीन गोधड्या घातल्या. माझ्याकडे मात्र घालायला दोन गाऊन आणि नवऱ्याचे शर्ट. बाळंतपणाआधीचे कुर्ते छातीत बसेनात, आणि जे बसत होते त्यांतून पाजता येईना. फीडिंगचे तयार कुर्ते बघितले. बाराशेच्या खाली धड कापड नाही, आणि चेन अशा जागी की वापरणारीला कुणी विचारलंच नसावं. म्हणून मशीन घेतलं. बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं, आता अकराचं आहे.

आता मुद्द्याचं. या मशीनची बॉबिन समोरच्या झाकणाआड, केसमध्ये म्हणजे छोट्या डबीत असते, त्यामुळे खाली दोरा किती उरलाय ते शिवताना दिसत नाही. वरून बॉबिन घालायच्या मॉडेलला पारदर्शक झाकण असतं, एका नजरेत कळतं. ते तेवीसशे रुपयांनी महाग होतं आणि मी ते तेवीसशे वाचवले. दुकानदारानं सांगितलं, ‘समोरचीच मजबूत असते, टेलर लोकांची पण तशीच असते.’ त्यात खोटं काही नाही. पण टेलरच्या मागं पाळणा हलत नसतो.

बाळाची दुपारची झोप तेव्हा वीस मिनिटांची, फार तर पंचवीस. त्यात पहिली पाच मिनिटं ती खरंच झोपलीय का हे बघण्यात जायची. उरलेल्या पंधरा मिनिटांत एका बाजूची टीप पूर्ण व्हायला पाहिजे. टीप मुंढ्यापासून खाली कटपर्यंत आली, आवाज किंचित हलका झाला, माझ्या लक्षात आलं नाही. कापड उलटून बघितलं तर शेवटची वीतभर नुसती सुईची भोकं, मुंग्यांच्या रांगेसारखी, आणि वरचा दोरा हातात निघून आला. मग बाजूचा ट्रे काढा, झाकण उघडा, केसची कडी ओढा, बॉबिन भरा, परत बसवा. केस जागेवर बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. त्या आवाजाला ती दोनदा उठलीय. दोन्ही वेळा पाय पेडलच्या वर तसाच धरून मी श्वास रोखून बसले होते, आणि दोन्ही वेळा रडणं सुरू झालं.

पहिले तीन महिने माझं मत ठाम होतं: बाळ असेल तर हे मशीन घेऊ नका.

ते मत बदललं मेथीच्या भाजीवरून. मेथी मी रात्री निवडून ठेवते, सकाळी नुसती फोडणी. शिवणाचंही तेच केलं. रात्री ती झोपली की एका रंगाच्या पाच बॉबिन भरून ठेवायच्या. एका कुर्त्याला झिगझॅगसकट मला दीड बॉबिन लागते, हे दोन कुर्त्यांत कळलं. त्यामुळे प्रत्येक मोठी टीप भरलेली बॉबिन घालूनच सुरू करायची, उरलेली अर्धी पट्ट्यांना आणि चुण्यांना. बेतणं रविवारी, आई आली की. कापड आधी भिजवून वाळवलेलं, कागदी कटिंग तयार. दुपारच्या झोपेत फक्त टीप मारायची, दुसरं काही नाही. ‘वेळ कधी मिळतो गं’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते. सलग तास मिळत नाही, पंधरा मिनिटं मिळतात. मशीन मांडणं, दोरा ओवणं, सुई बदलणं यातलं काहीही त्या पंधरा मिनिटांत येता कामा नये. म्हणून जेवणाच्या टेबलाचं एक टोक नऊ महिने मशीनचंच आहे. आम्ही दोघं उरलेल्या टोकाला जेवतो.

आवाजाबद्दल. दुकानात हळू वाटतं, घरी दुपारच्या शांततेत नाही. खाली चौघडी घातलेली गोधडी ठेवली की टेबलाची थरथर बरीच कमी होते. पेडल अर्धं दाबूनही मशीन एकसारखं चालतं, हे मला फार आवडलं. आईच्या पायमशीनवर मी शिकले, त्याला गती पायात ठेवावी लागते. इथं सुरुवातीला मशीन पळायचं, आठवड्यात पाय बसला.

शिवणाऱ्यांसाठी थोडं जास्तीचं. कापड इचलकरंजीचं साधं कॉटन, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून मीटरवर घेतलेलं, कुर्त्याला अडीच मीटर. सुई मलमलला अकरा नंबर, कॉटनला चौदा. पुढच्या भागाला प्रिन्सेस कट (छातीवरून खाली येणाऱ्या दोन उभ्या शिवणी) घेऊन दोन्ही शिवणींत आठ-आठ इंचांच्या चेन घातल्या, शिवणीतच असल्यानं बाहेरून दिसत नाहीत. आणि माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, भरपूर सोडा, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच. पाजत असताना छातीचं माप सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, आणि सहा महिन्यांनी आणखी वेगळं. पहिला कुर्ता मी अर्धा इंच माया ठेवून शिवला होता, तो आता बहिणीकडे आहे. दुसरा दोनदा उसवून आत घेतला आणि अजून घालते. सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर ऑफिसला पहिल्या दिवशी तोच घातला होता. जेवणाच्या सुट्टीत दूध काढायला बंद खोलीत गेले, एका हातानं चेन उघडली, पंप लावला, कुर्ता डोक्यावरून काढावा लागला नाही. त्या दिवशी मला मशीनचे सगळे पैसे वसूल वाटले.

आता बिघाड. तिसऱ्या कुर्त्याला स्वस्तात मिळाली म्हणून धातूची चेन आणली. तिच्या दातावर सुई बसली आणि तुटली. ती माझी चूक. इथं नायलॉनचीच चेन घ्या. पण नवी सुई लावल्यावरही मशीन टाका धरेना. तीन इंच टीप, मग दोन टाके सुटलेले, मग परत टीप. दोरा बदलला, सुईची सपाट बाजू मागं आहे ना हे तीनदा बघितलं, दोऱ्याचा ताण (टेन्शन) कमी-जास्त केला. काही नाही.

कंपनीला फोन केला. तीन तारखा मिळाल्या, प्रत्येक तारखेला बाळाला धरायला आईला बोलावलं, दोनदा कुणी आलंच नाही. तिसऱ्या वेळी आलेल्या माणसानं झाकणही न उघडता सांगितलं, ‘सुई तुटलीय म्हणजे वॉरंटीत बसत नाही, सेंटरला घेऊन या.’ वॉरंटीचं कार्ड मी समोर ठेवलं. त्यात सुई, बॉबिन, दिवा आणि पट्टा वगळलेत. मी सुई मागतच नव्हते. त्यावर उत्तर नव्हतं, साडेचारशे रुपये भेटीचे मात्र घेतले. कडेवर बाळ आणि हातात मशीन घेऊन मी रिक्षानं कुठल्या सेंटरला जायचं, हे त्या कंपनीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही.

शेवटी आईच्या गल्लीतल्या मशीनवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी सुईखालची पट्टी काढली, चाक हातानं हळूहळू फिरवलं आणि मला वाकून बघायला लावलं. सुई तळाला जाऊन वर यायला लागली की दोऱ्याचा छोटा फास पडतो, तो शटलच्या, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाच्या, टोकानं नेमक्या क्षणी उचलायचा असतो. माझं शटल जरा उशिरा पोचत होतं. शिवाय टोकाला नखाला जाणवेल एवढा चरा पडला होता. पॉलिश पेपरनं तो घासला, वेळ जुळवली. अर्धा तास, दोनशे रुपये. ‘ताई, मशीन चांगलंय, तेल घालत जावा तेवढं,’ म्हणाले. मी नऊ महिन्यांत एकदाच तेल घातलं होतं.

त्यामुळे मशीनला चार तारे, सर्व्हिसला काहीही नाही. तेवीसशे रुपये जास्त देता येत असतील तर वरून बॉबिनवालं घ्या, हे मी आजही म्हणेन. नसतील तर जादा दहा बॉबिन घ्या. आणि मूल रांगायला लागलं की पेडलची वायर लोंबती ठेवू नका, काम झालं की प्लग काढा. टाचण्या मी आता वापरतच नाही, क्लिप लावते. त्याआधी वीस टाचण्या मोजून काढायचे आणि वीस मोजून ठेवायचे. एकदा एकोणीस भरल्या आणि विसावी सापडेपर्यंत तिला पाळण्यातून खाली सोडलं नव्हतं.

पाचव्या कुर्त्याचं निळं कापड दोरीवर वाळतंय. ती आता दुपारी सव्वा तास झोपते.