घोडबंदर रोडवरची सफरचंदाची रोपं: घ्यायची तर काय बघून

हल्ली घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत आंबा-चिकूच्या कलमांशेजारी सफरचंदाची रोपंही मांडलेली असतात. नवी मुंबईतही मिळतात, ऑनलाइन तर ढिगाने. नर्सरीवाला ठासून सांगतो, ‘साहेब, ४५ डिग्रीतही तग धरतं.’ खरं आहे, धरतं. पण ठाण्यात या झाडाला उन्हाने मरण येत नाही, जून ते सप्टेंबरच्या पाण्याने येतं. त्याबद्दल पिशवीला लटकवलेल्या चिठ्ठीवर अवाक्षर नसतं.

चिठ्ठीचंच आधी बघू. एचआरएमएन-९९, ॲना किंवा डॉर्सेट गोल्डन असं जातीचं नाव लिहिलेलं असेल तर निदान पुढे बोलण्यात अर्थ आहे. हनीक्रिस्प, हॅरल्सन असली नावं आणि खाली ‘एक्स्ट्रा हार्डी, झोन ३’ असेल तर रोप तिथेच ठेवा. हार्डी म्हणजे काटक असं आपण धरून चालतो. मूळ संदर्भात हार्डी म्हणजे उणे ३५-४० अंशांत लाकूड न फाटता जगणारं. ही भाषा कॅनडाच्या मॅनिटोबा-सॅस्केचवानच्या आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सपाटीची. झोन म्हणजे थंडीच्या कडकपणानुसार पाडलेला पट्टा. तिथे सायबेरियन क्रॅब या रानटी सफरचंदाच्या खुंटावर (कलमाच्या खालच्या, मुळांच्या भागावर) कलम बांधतात आणि लवकर पिकणारी जात निवडतात, कारण दोन गोठवणाऱ्या दंवांच्या मध्ये जेमतेम १०० ते १२० दिवस हाती लागतात. फेब्रुवारीत बर्फावरून उलटलेल्या उन्हाने खोड दुपारी तापतं आणि रात्री गोठून साल फुटते, म्हणून खोडाला पांढरं वेष्टन घालतात. मॅनिटोबातल्या मॉर्डनच्या संशोधन केंद्रातून १९५५ मध्ये आलेलं गुडलँड, मिनेसोटा विद्यापीठाचं १९२२ चं हॅरल्सन आणि १९९१ चं हनीक्रिस्प ही त्या मुलखाची लेकरं. हनीक्रिस्पला शून्य ते सात अंशांतली थंडी साधारण ८०० ते १००० तास लागते. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की शाली बाहेर निघतात. तासांची बेरीज शून्य. असं रोप लगेच मरत नाही. शेंड्याला चार पानं धरून वर्षानुवर्षं उभं राहतं, हे जास्त वाईट.

एचआरएमएन-९९ ही हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी निवडलेली जात. गाव साधारण १८०० फुटांवर, म्हणजे सफरचंदाच्या हिशोबाने खालचंच. ॲना इस्रायलची आणि डॉर्सेट गोल्डन बहामातली. थंडीची गरज तिघांचीही कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे ती उणीव हाताने भरून काढावी लागते, ती कशी ते पुढे आहे.

नर्सरीत रोप हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. पहिली, ते सफरचंद आहे का. ‘ॲपल’ म्हणून ॲपल बोर आणि वॉटर ॲपल म्हणजे जाम, दोन्ही खपतात. बोराच्या पानाला देठापासून तीन ठळक शिरा आणि फांदीला काटे. जामाची पानं समोरासमोर, गुळगुळीत, कडा सरळ. सफरचंदाचं पान एकाआड एक, कडेला बारीक करवतीचे दाते, कोवळं असताना खालून लव. दुसरी, कलमाचा सांधा. बुंध्यापासून वीतभर उंचीवर बाक किंवा गाठ दिसलीच पाहिजे. सरळसोट दांडी असेल तर ते बियांचं रोप. सफरचंदाच्या बीतून आईसारखं झाड येत नाही, त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव निरर्थक. तिसरी, सांध्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी. वर्षभराच्या रोपावर ती अजून असेल तर ब्लेडने उभी चिरून काढा. राहिली की ती खोडात रुतते, वरचा भाग सांध्यावर फुगतो आणि पहिल्या वादळी वाऱ्यात तिथेच मोडतो. खुंट कोणता तेही विचारून बघा. एमएम-१११ असेल तर उत्तम. एमएम-१०६ ला बुंधा सडण्याचा रोग चटकन लागतो, आपल्या पावसात तो नको. बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर विक्रेता नुसता बघत राहतो, आणि तेही एक उत्तरच आहे. अशा रोपाला ५०० रुपयांच्या वर देऊ नये.

कुंडीत कंजुषी चालत नाही. २०० लिटरचा निळा ड्रम आडवा अर्धा कापून घ्या, तळाला १२ मिलिमीटरची आठ-दहा भोकं आणि बाजूला तळापासून दोन इंचांवर आणखी चार. तळाची भोकं गाळाने बुजली तरी बाजूची चालू राहतात. खाली विटा. चार भाग लाल माती, दोन भाग शेणखत, दोन भाग जाड रेती किंवा विटांचे तुकडे, कोकोपीट फार तर दोन भाग. तयार पिशव्यांत कोकोपीटच जास्त असतं आणि पावसाळ्यात ते स्पंजासारखं भिजून राहतं. सांधा मातीच्या वर तीन इंच हवा, आणि त्याखालून फुटवा आला की लगेच खुडायचा, तो खुंटाचा असतो. ओला ड्रम सव्वाशे किलोच्या आसपास भरतो, तेव्हा गॅलरीत ठेवण्याआधी सोसायटीशी बोलून घ्या. ऊन रोज सहा तास हवं. खाडीलगतच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी मचूळ असेल तर पानांच्या कडा करपतात. तिथे नळाचंच पाणी.

आता बहार धरणं, म्हणजे झाडाला ठरवून फुलोऱ्यावर आणणं. डाळिंबवाल्यांना हे शिकवायला नको: ताण (पाणी तोडणं), पानगळ, मग पुन्हा पाणी. इंडोनेशियात पूर्व जावाच्या बातू भागात सफरचंदाचे बागायतदार हेच करतात, फळं उतरली की हाताने पानं काढतात आणि वर्षात दोनदा पीक घेतात. त्यांच्याकडे डोंगराची उंची आहे, आपल्याकडे नाही, म्हणून आपण एकच बहार धरावा आणि तो डिसेंबरचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी निम्म्यावर आणा. ड्रममध्ये पूर्ण बंद केलं तर मुळंच सुकतात. वरची तीन इंच माती कोरडी झाली की थोडं द्यायचं, एवढंच. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळी पानं कात्रीने कापा, देठ राहू द्या. ओरबाडलं तर देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे पुढचा कोंब, सोबत निघतो आणि वर्ष फुकट जातं. फांद्यांचे शेंडे पाव भाग छाटा आणि उभ्या फांद्या सुतळीने ओढून जवळजवळ आडव्या बांधा. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि फरक सगळ्यात जास्त यानेच पडतो: उभ्या फांदीत फक्त शेंडा फुटतो, आडवीवर मधले डोळेही जागे होतात. मग भरपूर पाणी. दोन ते चार आठवड्यांत फूट येते. नाशिकचे द्राक्षवाले डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड लावतात म्हणून कुणी ते सुचवलं तर ऐकू नका. ते जहाल विष आहे, घरात आणायची वस्तू नव्हे.

फुलं एकदम येत नाहीत, महिनाभर तुकड्या-तुकड्यांत येतात. ॲनाला परागासाठी डॉर्सेट शेजारी लागतं आणि दोघांची फुलं जुळावी लागतात. जागा एकाच ड्रमची असेल तर एचआरएमएन-९९ घ्या. चौदाव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच पोचते (खालचं पोळं सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाल्याकडून आधीच उतरवलेलं असतं), तेव्हा सकाळी मऊ ब्रश या फुलावरून त्या फुलावर फिरवा. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाका. नंतर एका झुपक्यात एकच फळ ठेवा.

एप्रिल-मे मध्ये पानं फिकट, ठिपकेदार झाली तर लाल कोळी ही बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला ५ मिलि निंबोळी तेल, संध्याकाळी. खोडाला याच काळात चुना लावा. तिकडे कॅनडात साल गोठून फुटते, इकडे भाजून.

फळ एप्रिलअखेर ते मे मध्ये उतरतं. रात्री गार नसल्याने लाली चढत नाही, पिवळट हिरव्यावर गुलाबी झाक एवढंच. चव आंबटगोड, गर लवकर पिठूळ होतो. तोडल्यावर आठवड्यात खाऊन संपवा. फळं मोजायला हाताची बोटं पुरतात. सफरचंद खायचं असेल तर वाशीची एपीएमसी आहेच. झाडाशी खेळायची हौस असेल तर मात्र हे रोप पैसे वसूल करतं.

मे संपायच्या आत बुंध्याला सांध्याच्या वर फूटभर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र. ड्रम भिंतीलगत, वरून थेट धार पडणार नाही असा सरकवा, भोकांतून तार घालून बघा. ऑगस्टमध्ये पानांवर काळपट डाग येऊन ती पिवळी पडून गळू लागली तर लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, पाऊस उघडलेल्या दिवशी. पानं गळाली म्हणून खत ओतू नका. आणि जुलैत स्वस्त मिळतंय म्हणून रोप आणू नका. हिमाचलची कलमं डिसेंबर ते फेब्रुवारीत निघतात, तेव्हाच बिनपानाची दांडी घेतलेली बरी, म्हणजे पावसाआधी मुळांना चार महिने मिळतात.