चार मॉनिटरसाठी एन्व्हिडिया टी१००० : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचे जिग आणि फिक्स्चरच्या (कारखान्यात काम चालू असताना सुटा भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांच्या) डिझाइनचे छोटे कार्यालय आहे. माझ्या टेबलावर चार मॉनिटर आहेत. मधल्या दोन २७ इंची ४के मॉनिटरवर असेंब्ली (सुटे भाग जोडून केलेले त्रिमितीय मॉडेल) आणि ड्रॉइंग उघडे असते, तर कडेच्या दोन फुल एचडी मॉनिटरवर ग्राहकाने पाठवलेले मूळ ड्रॉइंग आणि ई-मेल. या कामासाठी ८ जीबी मेमरीचे टी१००० हे ग्राफिक्स कार्ड घेऊन आता आठ महिने झाले.

घेण्यापूर्वी एन्व्हिडियाच्याच आरटीएक्स ३०६० या कार्डाचा विचार बराच केला होता. ताकदीने ते कितीतरी वरचे आहे आणि चार मॉनिटर तेही चालवते. मात्र त्याला १७० वॉट वीज आणि वेगळी पॉवर केबल लागते. टी१००० ची गरज ५० वॉटची असून ती मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच भागते, त्यामुळे जुना पॉवर सप्लाय बदलावा लागला नाही. वीज गेल्यावर चारही मॉनिटर यूपीएसवरच असतात आणि फाइल सेव्ह करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ हाताशी राहावा, हा माझ्या दृष्टीने निवडीचा मोठा निकष होता.

खरा त्रास कार्डाने नव्हे, अडॅप्टरने दिला. या कार्डाला चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टचे आहेत आणि माझ्या एका ४के मॉनिटरची एचडीएमआय केबल आधीच भिंतीच्या पट्टीतून ओढलेली होती, म्हणून शहरातील एका दुकानातून साधा अडॅप्टर आणला. चित्र स्वच्छ आले, पण माउस त्या पडद्यावर गेला की कर्सर अडखळत सरके. दोन दिवस मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकत बसलो. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा, पाहिला, तर तो ३० हर्ट्झ होता. अडॅप्टर एचडीएमआय १.४ च्या क्षमतेचा होता आणि त्या क्षमतेत ४के चित्र ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मिनी डिस्प्लेपोर्टमधून थेट डिस्प्लेपोर्टला जाणारी केबल लावताच ६० हर्ट्झ मिळाले. म्हणून कार्डाची किंमत विचारण्याआधी प्रत्येक मॉनिटरमागचे पोर्ट कागदावर लिहून घ्यावेत आणि केबलचा खर्च त्याच हिशेबात धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मिनी डिस्प्लेपोर्टची आणखी एक अडचण रोजच्या वापरात कळते. मोठ्या डिस्प्लेपोर्टच्या पिनेला बहुधा खटका असतो, तसा या छोट्या पिनेला नसतो. झाडताना कॅबिनेट बोटभर सरकले तरी एखादा पडदा काळा होई, आणि त्यावरच्या सगळ्या खिडक्या शेजारच्या पडद्यावर जाऊन पडत. आता चारही केबल कॅबिनेटच्या मागच्या जाळीला प्लास्टिकच्या पट्टीने बांधल्या आहेत आणि तेव्हापासून हा प्रकार घडलेला नाही.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही कार्डामुळे काम थांबले नाही. शेजारच्या वर्कशॉपमधील तेलकट धूळ मात्र पंख्याच्या पात्यांवर चिकटते, त्यामुळे दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने साफसफाई करावी लागते.

मोठ्या असेंब्ली फिरवताना मला अडचण आलेली नाही. रेंडरिंगमध्ये, म्हणजे मॉडेलवरून वास्तवदर्शी चित्र तयार करण्यात, मात्र हे कार्ड मागे पडते, कारण त्यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याचे) स्वतंत्र कोअर नाहीत. ज्यांना ग्राहकासमोर रोज वास्तवदर्शी चित्रे ठेवावी लागतात, अशा वास्तुरचनाकारांनी आरटीएक्स मालिकेतलेच कार्ड घ्यावे. मला असे चित्र महिन्यातून एखादेच लागते आणि ते मी संध्याकाळी लावून घरी जातो.